खडं मीठ, मऊ बिस्किटं

माझ्या स्वयंपाकघरात खड्या मिठाची एक मोठी बरणी आहे. ती काही केल्या संपत नाही. नवरा म्हणतो, एवढ्या मिठात अख्ख्या सोसायटीचं लोणचं होईल. होऊ दे. ती बरणी कुणी हलवायची नाही, असा माझा घरात वटहुकूम आहे. त्यातला खडा न् खडा आमच्या पनवेलजवळच्या रोडपालीच्या घरमालकीणबाईंनी दिलेला आहे, आणि तोही दर वेळी माझ्याच डब्यात घालून.

त्यांना सगळी इमारत काकी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. काकींचा एक नियम होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आता हा नियम आपल्या सगळ्यांच्याच आयांनी आपल्याला शिकवलेला असतो. पण घरात द्यायला काही नसलं की आपण ‘उद्या पाठवू’ म्हणून वाटी ठेवून घेतो, आणि मग ती वाटी आपल्याच मांडणीवर म्हातारी होते. काकींना उद्या हा प्रकारच ठाऊक नव्हता. डबा आला की घासून-पुसून त्याच पावली परत, आणि घरात काही केलेलं नसेल तर त्यात मूठभर खडं मीठ. सासरची खाडीकाठची मिठागरं होती. ती सरकारनं केव्हाच घेतली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर ही तीन मजली इमारत उभी राहिली, तरी काकींच्या मोरीशेजारी मिठाची गोणी कायम असायची. कुठून आणायच्या देव जाणे. “मीठ म्हंजे रिकामं नाय गो,” असं म्हणून डबा माझ्या हातात कोंबायच्या आणि जिना उतरायला लागायच्या. ‘या, बसा’ म्हणेपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पोचलेल्या असायच्या.

घर बघायला गेलो तेव्हाच एजंटनं सांगून ठेवलं होतं, “बाई जरा तऱ्हेवाईक आहेत, पण मनानं चांगल्या.” काकी फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. काष्ट्याचं लुगडं, हातात जाड पाटल्या, पायात शाळकरी पोरींच्या असतात तसल्या गुलाबी रबरी चपला. नोकरी कुठं, माणसं किती, मासळी चालते का, ही सगळी उत्तरं मी घोकून आले होते. काकींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “गोड काय आवडतं गो तुला?”

मी गडबडले, आणि गडबडलं की माणूस खरं बोलून जातो. “चॉकलेट चिप कुकी,” मी म्हणाले.

“म्हंजे?”

“बिस्किट. घरी भाजलेलं.”

“बिस्किट?” काकी एजंटकडे वळल्या. “जिलबी नाय, शिरखंड नाय, बिस्किट मागते बाय! देऊन टाक यांना वरचं घर.”

तेव्हापासून मी बिस्किटवाली. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं होतं की नाही, मला शंकाच आहे. पहिल्या मजल्यावर बासुंदीवाले राहायचे आणि दुसऱ्यावर जिलबीवाली. कुरियरवाला खाली येऊन माझं नाव घ्यायचा, तर काकी ठामपणे सांगायच्या, “असं कुनी नाय इथं ऱ्हात,” आणि त्याला वाटेला लावायच्या. माझं लग्नाच्या वाढदिवसाचं पार्सल असंच दोनदा माघारी गेलं. मी खाली जाऊन तणतणले, तर मलाच म्हणाल्या, “मंग त्यानं नीट विचारायचं ना, बिस्किटवाली कुठं ऱ्हाते!”

फाटकासमोर कळंबोलीचे ट्रक येऊन उभे राहायचे. त्या ड्रायव्हरांशी काकींचं रोजचं भांडण. हातात काठी घेऊन अशा शिव्या हासडायच्या, की खिडकी लावून घ्यावी. आणि त्याच ड्रायव्हरला दुसऱ्या हातानं पाण्याचा तांब्या. तो बिचारा पाणी प्यावं की पळावं, या विचारात तसाच उभा. तांब्या परत घेताना मात्र विचारणार, “घरी पोरंबाळं किती?”

पोरंबाळं. सगळं तिथंच येऊन थांबायचं. काकींना मूल नव्हतं, नवराही जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण इमारतीत कुणाला दिवस गेले की ती बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी काकींना कळायची, असं जिलबीवाली म्हणायची. आणि मग काकी त्या बाईच्या मागे हात धुऊन लागायच्या. काय खावंसं वाटतंय, बोल. लाजू नको, बोल. पहिल्या मजल्यावर पूर्वी केरळची एक बाई होती, तिला भर थंडीत फणसाचे तळलेले गरे हवेसे झाले. काकींनी कुठून कुठून माणसं गाठून ते मिळवले. खुद्द जिलबीवालीला तिच्या वेळी भाजलेल्या चिंचोक्यांचं वेड लागलं होतं, तर काकी रिक्षा करून नेऱ्याला माहेरी गेल्या आणि पदरात चिंचोके बांधून आल्या.

“पण एक गंमत सांगू?” जिलबीवाली आवाज खाली आणून मला म्हणाली होती. “बाळ झालं की ही बाई गायब. बघायला नाही, बारशाला नाही. माझा मुलगा चालायला लागेपर्यंत यांनी त्याला हात म्हणून लावला नाही. अपशकुन होईल असं स्वतःलाच वाटत असेल. नाहीतर जळत असेल मनातून.”

मला ते बोलणं आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. पण खोटं कशाला बोलू, कोडं मलाही पडलं होतं.

मी तिथं गेल्यावर पहिल्यांदा कुकीज केल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे डबा भरून खाली पाठवला. नवरा परत येताना चार पायऱ्या चढला असेल नसेल, मागोमाग काकी. डब्यात मीठ. “चव हाय हाताला,” म्हणाल्या, “पन कच्ची ठेवलीस गो. मधी मऊ हाय. भाकरी अशी मऊ राहिली, तर सासू तव्यासकट बाहेर काढायची आमाला.” मी समजावलं, ते तसंच असतं, त्यातच तर मजा. काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की ही पोरगी नवऱ्याला कच्चं खाऊ घालते आणि वर मजा म्हणते! मग म्हणाल्या, “आनि गोडाला मीठ लागतं. नुसतं गोड पिठासारखं लागतं.” आणि गेल्या.

मग मला दिवस गेले.

आनंदापेक्षा मला भीतीच जास्त वाटली. आधीचं एक राहिलं नव्हतं. या वेळी डॉक्टरांनी पहिल्यापासूनच पडून राहायला सांगितलं होतं. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर, सासूबाई सातव्या महिन्यात येणार. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं की नजर लागते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण तरीही नव्हतं सांगितलं.

आणि अशात मला डोहाळे लागले ते कुकीजचे! दुसरं काही डोक्यात येईचना. कडेनं कुरकुरीत, मधे मऊ, चॉकलेट अजून ओलं, हाताला चटका बसेल इतकी गरम. नवऱ्यानं उरण नाक्यापासून स्टेशनपर्यंतच्या सगळ्या दुकानांतले पुडे आणून टाकले. सगळे एकजात खोक्याच्या पुठ्ठ्यासारखे. आणि स्वतः करावं, तर उभं राहायला बंदी आणि लोण्याचा नुसता वास आला तरी पोटात ढवळायचं. काय हा न्याय! मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. कुकीसाठी रडणारी बाई म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

एका दुपारी काकी वर आल्या. डबा वगैरे काही नाही, तशाच. दारातूनच म्हणाल्या, “काय खावंसं वाटतंय?”

“काही नाही हो काकी. पित्त झालंय.”

“खोटं नको बोलू. पोटातलं आयकतंय.”

मी सांगितलं. काकींनी पदर खोचला. “ती भट्टी कुठं हाय तुझी?”

झालं. मी आतल्या खोलीत नाकाशी लिंबू धरून आडवी आणि काकी स्वयंपाकघरात. मधलं दार बंद. दाराआडून माझं ओरडणं, “काकी, लोणी पातळ करायचं नाही, नुसतं मऊ!” आणि पलीकडून, “समजलं, समजलं, बोंबलू नको, पोटावर ताण येतो!” अंडं फोडताना काकी काहीतरी पुटपुटल्या. मग चॉकलेटचे दाणे चाखून ओरडल्या, “कडू हाय गो हे! तुला फसवलं दुकानदारानं!” मग ओव्हन लागला. वास आला तो लोण्याचा नव्हता. भाजलेल्या साखरेचा होता, आणि पहिल्यांदाच पोटात ढवळलं नाही. मी उठून बसले. ओव्हनची घंटा टण्ण वाजली. मी वाट बघत राहिले. आणि वाट बघता बघता जळका वास यायला लागला.

दार उघडलं, तर ताटलीत कोळसे. काकी घंटा वाजल्यावर बोटानं दाबून बघत होत्या, मऊ लागलं की परत आत ढकलत होत्या. भाकरी करणाऱ्या हाताला दुसरं ठाऊक काय असणार! “मऊ व्हती गो,” त्या म्हणाल्या, “शेवटपर्यंत मऊच व्हती.” त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. बिस्किट करपलं म्हणून कुणाचा चेहरा असा होत नाही. मी हसण्यावारी नेलं, पण त्या हसल्या नाहीत. भांडी तशीच टाकून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. मी ओरडून ओरडून सांगितलं, घंटा झाली की काढा. काकींनी काढल्या, आणि बंद दाराआड हळूच परत आत सारल्या. पुन्हा कोळसे. या वेळी काकी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“माज्या हातानं पुरा व्हनार नाय तुजा डोहाळा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुनाला तरी बोलव. लवकर बोलव.”

“अहो काकी, बिस्किट आहे ते.”

“तू नको शिकवू मना!” अशा ओरडल्या, की मी दचकले. ट्रकवाल्यांवर ओरडायच्या तो आवाज वेगळा होता.

तिसऱ्या दिवशी मी सरळ स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. ओरडा खाल्ला, पण उठले नाही. घंटा झाली. काकींनी ताटली बाहेर काढली आणि बोट पुढं केलं. मी त्यांचं मनगट धरलं, पाटल्यांसकट.

“हात लावायचा नाही, काकी. हे बाहेर आल्यावर घट्ट होतं.”

“विस्तवाबाहेर कसं व्हईल?”

“होतं. नुसतं निवू द्यायचं.”

काकी समोर फरशीवर बसल्या. हातांचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही पंजे मांडीखाली दाबून धरले. ताटलीकडे टक लावून बसलेल्या असताना, मी काही न विचारता, त्या बोलायला लागल्या.

“मी तुज्याहून लहान व्हती. पनवेलच्या बाजारात मालकाबरोबर आलेली. बेकरीवरून चाललो, नि नानकटाईचा वास आला. असा वास गो! पाय उचलंना माजा. मालक पुढं. हाक मारली असती तर थांबला असता, मानूस वाईट नव्हता. मी नाय मारली. नव्या सुनेनं भर रस्त्यात खायला मागायचं? लाजली मी.”

“मग?”

“मंग काय. पोर आलं ते हललंच नाय. पोरगी व्हती. सासू बोलली, काय खावंसं वाटत व्हतं तुला? मी खरं सांगितलं. तर बोलली, पोरानं मागितलं, नि आयनं दिलं नाय.” मांडीखालचे पंजे काकींनी आणखी आत सारले. “हातात पन दिली नाय मना. तशीच नेली.”

कधी न बघितलेल्या त्या सासूचा मला असा संताप आला, की ती समोर असती तर ती करपलेली बिस्किटं तिच्या अंगावर फेकली असती. मी म्हणाले, “काकी, असं काही नसतं. खाण्यानं असं होत नाही. कुठल्याही डॉक्टरला विचारा.”

“डॉक्टर बोलतीलच,” काकी म्हणाल्या. “वास मना आला व्हता, डॉक्टरला नाय.”

एवढ्या वर्षांचा विश्वास माझ्या एका वाक्यानं पुसला जाणार होता थोडाच. माझ्या डोळ्यांना धार लागली. काकी मात्र रडत नव्हत्या. त्या ताटलीकडे बघत होत्या.

“दाबू आता?” त्यांनी विचारलं.

“दाबा.”

काकींनी एका बिस्किटाच्या कडेला बोट लावलं. मग दुसऱ्या. मग हळूच एक उचललं. ते मोडलं नाही. “अगो बाय!” काकी म्हणाल्या. “झालं की! चूल नाय, काय नाय, आपसूक झालं!”

मग कमरेच्या पिशवीतून मिठाचे खडे काढून, प्रत्येक बिस्किटावर एकेक बसवून, मगच मला दिलं. मी खाल्लं. कड कुरकुरीत, मधे मऊ, आणि मधेच तो मिठाचा खडा. इतकं चांगलं बिस्किट मी स्वतः कधी केलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. काकी प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “मन भरलं? खरं सांग. उरलंसुरलं मनात ठेवू नको.” मी ‘भरलं’ म्हणाले, तरी आणखी दोन खायला लावलीच.

त्यानंतर आमच्या ओव्हनची मालकी गेली. आठवड्यातून एकदा काकी वर यायच्या, बिस्किटं करायच्या आणि मांडीखाली हात दाबून ती निवायची वाट बघायच्या. सासूबाई आल्या, त्यासुद्धा शेजारी मांडी घालून बसायला लागल्या. अशाच एका दुपारी मी काकींना डबा भरून दिला, त्या तो घेऊन खाली गेल्या, आणि माझ्या पोटात कळ आली. दिवस अजून भरले नव्हते. मला रिक्षात चढवताना काकी फाटकाशी उभ्या होत्या, हातात तोच डबा. मी जाताना हात हलवला, तर त्यांनी मान फिरवली.

मुलगी झाली. एवढीशी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. मग वजन धरलं, आणि आम्ही तिला घरी आणलं. बासुंदीवाले येऊन गेले, जिलबीवाली रोज यायची. काकी आल्या नाहीत. फाटकाशी खुर्चीही नव्हती. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” जिलबीवाली म्हणाली. मी तिला म्हणाले, “तू गप.” मला एवढंच दिसत होतं, की माझा डबा खाली राहिला होता. ज्या बाईनं कधी कुणाची वाटी रात्रभर ठेवून घेतली नाही, तिच्याकडे माझा डबा महिनाभर पडून होता.

शेवटी तो डबाच त्यांना वर घेऊन आला. एका सकाळी दार वाजलं. मुलीला खांद्यावर घेऊन मी उघडलं, तर काकी उंबऱ्याच्या बाहेर, दोन पावलं मागे. डबा हात लांब करून पुढं धरलेला. माझ्याकडे बघत होत्या, खांद्याकडे नाही.

“घे. मीठ हाय. काही केलं नाय घरात.”

“आत या.”

“नको. माजं काम हाय खाली.”

मी एका हातानं डबा घेतला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवला. काकी वळल्याच. तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, “काकी, तुम्ही कधी कुणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही. मी तुम्हाला रिकाम्या हातांनी पाठवू होय?”

काकींना उमगायच्या आत मी उंबरा ओलांडला आणि मुलीला त्यांच्या हातांत दिलं. दिलं कसलं, ठेवूनच दिलं. त्यांना एक तर धरावं लागणार होतं, नाहीतर धरावंच लागणार होतं. त्यांनी धरलं. पाटल्या दुपट्यात अडकल्या, त्या मी सोडवल्या. मग अंगठ्याशेजारचं बोट हळूच वर आलं आणि त्यांनी पोरीचा गाल दाबून बघितला, भाकरी दाबतात तसा.

“मऊ हाय गो,” त्या घाबरून म्हणाल्या. “कच्ची हाय अजून.”

“होईल घट्ट, काकी. बाहेर आल्यावरच होतं.”

तेव्हा काकी रडल्या. बाहेर जिन्यातच, पायरीवर बसून, आवाज करून रडल्या. पोरगी मजेत झोपलेली. आतून सासूबाई ‘काय झालं, काय झालं’ करत आल्या आणि बघून तशाच परत फिरल्या. मी उभी राहिले. बराच वेळ झाला. पोरीच्या दुधाची वेळ टळायला आली, म्हणून मी घ्यायला हात पुढं केले.

काकींनी माझं मनगट धरलं.

“थांब गो,” त्या म्हणाल्या. “हात नको लावू. निवू दे जरा.”